शब्दचर्चा : ‘निदान प्रलंबित’ याला दुसरा शब्द आहे का?

फोंडा

माझ्या आईच्या स्तनात गाठ लागली असून गेल्या सोमवारी तिचा तुकडा काढून तपासणीसाठी पाठवला आहे. अहवाल अजून आलेला नाही. ज्या इस्पितळात हे झाले, तिथून मिळालेल्या कागदावर आजाराच्या नावाच्या रकान्यात ‘निदान प्रलंबित’ असे दोनच शब्द आहेत. संध्याकाळी आई सोप्यावर बसून, चष्मा पुसून पुसून तो कागद वाचत होती. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली आणि विचारले, “निदान काय? पुढचं लिहायचं राहिलं का?”

आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे आहे, पण तिचे वाचन चांगले आहे आणि तिची चूक मुळीच नव्हती. घरात आपण ‘निदान दोन घास तरी खा’ असे दिवसातून दहा वेळा म्हणतो. तोच शब्द आजाराच्या रकान्यात एकटा दिसल्यावर तिला ते वाक्य अर्धवट सोडल्यासारखे वाटले. मी तिला अर्थ सांगितला, तरी नंतर कितीतरी वेळ ती त्या कागदाकडेच पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हे तिथल्या परिचारिकेला सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले आणि म्हणाल्या की रुग्णांना द्यायचे सूचनापत्रक नव्याने छापायचे आहे, तर तुम्हीच शब्द सुचवा. म्हणून जाणकारांना विचारते आहे. एकाच ‘निदान’ शब्दाला हे दोन अर्थ कसे आले? ‘प्रलंबित’ हा शब्द इथे योग्य आहे का? आणि तपासणी झाल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचे जे दिवस असतात, ज्यांत आम्ही आत्ता आहोत, त्यांच्यासाठी मराठीत एखादे नाव आहे का?

डिचोली

ताई, आपल्या आईंच्या प्रश्नात भाषेचा मोठा इतिहास आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी शाळेत मराठी शिकवत असे.

‘निदान’ हा शब्द संस्कृत असून त्याच्या मुळाशी ‘दा’ म्हणजे बांधणे हा धातू आहे. ऋग्वेदात गाई बांधून ठेवण्याच्या दोरीला निदान म्हटले आहे. आपल्याकडे गोठ्यात गुरांना बांधतात ते दावे याच धातूपासून आले आहे. पुढे, ज्या मूळ कारणाला एखादी गोष्ट बांधलेली असते ते कारण, असा ‘निदान’चा अर्थ झाला, आणि आयुर्वेदाने तो उचलला. मात्र आयुर्वेदातले निदान म्हणजे आज आपण समजतो तसे रोगाचे नाव ठरवणे नव्हे. निदान, पूर्वरूप (रोगाआधीची चिन्हे), रूप (लक्षणे), उपशय (कशाने बरे वाटते ते) आणि संप्राप्ति (रोग कसा घडत गेला ते) या पाच गोष्टींवरून वैद्य रोग ओळखतो, आणि त्यांतले पहिले निदान म्हणजे फक्त कारण. रोग नक्की ठरवण्याला ‘विनिश्चय’ असा वेगळा शब्द होता. ज्याला आपण ‘माधवनिदान’ म्हणतो त्या ग्रंथाचे माधवकराने दिलेले नाव ‘रोगविनिश्चय’ असेच आहे. मला हा शब्द फार समर्पक वाटतो, कारण निश्चय होण्याआधी अनिश्चय असणारच, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे.

संस्कृतात ‘निदान’चा आणखी एक अर्थ शेवट, टोक असा आहे. त्या टोकावरून मराठीतले क्रियाविशेषण समजून घेता येते. सगळे सोडून दिले तरी शेवटी उरते ते, म्हणजे ‘निदान एवढे तरी’. म्हणजे एक अर्थ सुरुवातीकडचा आणि दुसरा शेवटाकडचा, आणि बोलताना आपल्या तोंडी राहिला तो दुसरा. आपल्या आईंनी त्यांच्या तोंडात असलेला अर्थ घेतला. पत्रकात ‘निदान’ हा शब्द एकटा ठेवू नये, ‘आजाराचे निदान’ किंवा ‘रोगनिदान’ असा जोडून वापरावा. त्याहूनही बरे म्हणजे ‘आजार कोणता ते’ असे सरळ लिहावे.

‘प्रलंबित’ माझ्या कानाला खटकतो. तो कचेरीतला आणि न्यायालयातला शब्द आहे. खटला प्रलंबित असतो, अर्ज प्रलंबित असतो, पेन्शन प्रलंबित असते. त्या शब्दात कुणाच्या तरी टेबलावर फाईल पडून आहे, असे चित्र उभे राहते.

पणजी

वरील चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मी ऊतींच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. ‘प्रलंबित’बद्दल सरांनी जे लिहिले आहे ते आमच्या कामाच्या बाजूनेही खरे आहे, कारण त्या दिवसांत तो तुकडा पडून नसतो.

काढलेला तुकडा प्रथम फॉर्मालिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही आणि त्याची रचना जशीच्या तशी टिकते. स्तनाच्या ऊतीसाठी हा काळ निदान (इथे मीही आईंच्याच अर्थाने तो शब्द वापरतो आहे) 6 तास असावा आणि 72 तासांहून जास्त नसावा, असा संकेत आहे. त्यानंतर त्यातले पाणी काढून तो पॅराफिन मेणात बसवतात. मग त्या मेणाच्या ठोकळ्याचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यांतला एक भाग म्हणजे मायक्रॉन. असा काप कोमट पाण्यावर तरंगत सोडावा लागतो, तो पाण्यावर हळूहळू पसरतो आणि त्याच्या सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद उचलावा लागतो. घाई केली तर तो फाटतो. मग दोन रंग देतात, त्यांनी पेशींची केंद्रे निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. तेव्हा कुठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहायला बसतात. काही वेळा एवढ्यावर निश्चित सांगता येत नाही आणि पेशींवरची विशिष्ट प्रथिने ओळखणारी आणखी एक तपासणी करावी लागते, त्यात आणखी काही दिवस जातात. इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे : उशीर झाला म्हणजे काहीतरी वाईटच निघाले, असा अर्थ लोक काढतात, तो बरोबर नाही. साध्या गाठीच्या बाबतीतही खात्री करून घेण्यासाठी वेळ लागू शकतो.

म्हणून पत्रकात ‘तपासणी चालू आहे’ असे लिहावे, असे मी सुचवतो. ते खरे आहे आणि वाचणाऱ्याला कळते.

पत्रक नव्याने करत असाल तर आणखी तीन शब्दांकडे लक्ष द्यावे. पहिला ‘संशयित’. ‘संशयित कर्करोग’, ‘संशयित रुग्ण’ असे लिहिले की माणूस आरोपी झाल्यासारखा वाटतो, कारण हा शब्द आपण पोलिसांच्या बातम्यांत रोज वाचतो. ‘शक्यता तपासत आहोत’ हे पुरेसे आहे. दुसरा ‘सकारात्मक’. चाचणी पॉझिटिव्ह येणे म्हणजे जे शोधत होतो ते सापडणे. त्याचे भाषांतर ‘सकारात्मक’ असे केले की चांगले झाले असे वाटते आणि घरचे लोक क्षणभर आनंदतात. मी हे डोळ्यांसमोर पाहिले आहे आणि पुन्हा पाहू नये अशी इच्छा आहे. तिसरा ‘सौम्य’. जी गाठ कर्करोगाची नाही तिला परिभाषेत सौम्य म्हणतात आणि जी आहे तिला दुर्दम. पण सौम्य म्हणजे थोडासा, असा अर्थ लोकांच्या मनात असतो. ‘सौम्य ताप’ म्हणजे थोडा ताप, मग ‘सौम्य गाठ’ म्हणजे थोडा कर्करोग का? लोक ‘साधी गाठ’ म्हणतात. तोच शब्द घ्यावा.

काणकोण

मी 2 वर्षांपूर्वी अशाच दिवसांतून गेले आहे, म्हणून ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

एक नाव नाही. शब्द पुष्कळ आहेत, पण ते त्या दिवसांचे नसून मनाचे आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘हुरहूर’ कुणी दूर गेले, काही सरले, तर वाटते. तिच्यात एक गोडवा असतो, आणि तो इथे नाही. ‘उत्कंठा’ चांगल्या निकालाची असते. ‘रुखरुख’ ही नंतरची आहे, करायचे राहून गेले त्याची. ‘ताटकळणे’ म्हणताना दुसऱ्याने आपल्याला उभे करून ठेवले, असा दोष त्यात येतो. ‘धाकधूक’ खरी आहे, ती फोन वाजला की होते, आणि फोन दुसऱ्याच कुणाचा निघाला की थांबते. पण सबंध दिवसभर, भाजी चिरताना आणि कपडे वाळत घालतानाही जे आत चालू असते, त्याला मी ‘घोर’ म्हणेन. जिवाला घोर लागला, असे माझी आजी म्हणायची. कोकणीत आम्ही ‘हुस्को’ म्हणतो, तो याच्या फार जवळचा आहे.

‘जीव टांगणीला लागणे’ आणि ‘अधांतरी असणे’ हे दोन्ही एकच समजून वापरतात, पण मला त्यांच्यात फरक जाणवला. अधांतरी म्हणजे कशाचाच आधार नाही. टांगणीला निदान वर एक दोरी असते. ज्या डॉक्टरांनी मला ‘अहवाल आला की सांगतो’ एवढेच म्हटले, त्यांच्याकडून आल्यावर मी अधांतरी होते. दुसऱ्या ठिकाणी मला वार आणि वेळ सांगितली गेली, शुक्रवारी साडेचारला, आणि त्या दिवशी अहवाल आला नसेल तरी तसे सांगू असेही सांगितले. घोर तेवढाच राहिला, पण त्याला धरायला काहीतरी मिळाले. सरांनी निदानाचा अर्थ दावे असा सांगितला तेव्हा मला हेच आठवले.

आमच्या घरी त्या दिवसांत देवळात प्रसाद लावला होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते की मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते ते पाहतात. उजवी पडली तर कौल मिळाला. (हा ‘कौल’ अरबीतून आला, त्याचा अर्थ शब्द, वचन. घरावरच्या कौलाशी त्याचा संबंध नाही.) आमची पाकळी बराच वेळ पडलीच नाही, आणि कुणीही काही न बोलता आम्ही सगळे गर्भगृहासमोर बसून होतो. तिथे बसणे मला इस्पितळाच्या बाकावर बसण्याइतके जड गेले नाही. सगळे जण एकाच गोष्टीकडे पाहत होते, हे त्याचे कारण असावे. इस्पितळात मी एकटीच दाराकडे पाहत असे.

आणखी एक. लोक ‘काळजी करू नका’ म्हणतात तेव्हा त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते ऐकून काळजी जात नाही, उलट ती लपवावी लागते. मराठीत काळजी करतात आणि काळजी घेतातही. मला ज्यांनी ‘मी दुपारचा डबा आणते, तू फोन उचलू नकोस, मी सगळ्यांना सांगते’ असे म्हटले, त्यांनी काळजी घेतली. आपल्या पत्रकात नातेवाइकांसाठी दोन ओळी असतील तर हा फरक जरूर लिहावा.

डिचोली

काणकोणच्या बाईंचे म्हणणे पटले. ‘अहवाल’बद्दल एक गोष्ट राहिली होती. हाही अरबी शब्द आहे आणि तो ‘हाल’चे अनेकवचन आहे. हाल म्हणजे स्थिती, अहवाल म्हणजे स्थितीचे वृत्त. मराठीत मात्र एकट्या ‘हाल’ला त्रासाचा अर्थ चिकटला, आणि अहवाल कोरडा राहिला. पत्रकात तो ठेवायला हरकत नाही, मात्र बोलताना सगळेच ‘रिपोर्ट’ म्हणतात, तेव्हा तोही शब्द चालेल.

फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवल्याप्रमाणे मी पत्रकाच्या सुरुवातीचा मजकूर असा केला आहे :

‘आपल्या गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेतला आहे. आजार कोणता ते ठरवण्यासाठी तपासणी चालू आहे. तिला काही दिवस लागतात, आणि जास्त दिवस लागले म्हणजे आजार मोठा आहे असे नाही. ____ वारी ____ वाजता आपण यावे. त्या वेळी रिपोर्ट आला असेल तर तो समजावून देऊ, आला नसेल तर पुढची तारीख देऊ. सोबत घरचे एक माणूस आणावे. तोपर्यंत काही विचारायचे असल्यास खालील क्रमांकावर आम्ही आपल्याला कळवू.’

हे मी काल रात्री आईला वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले आणि मग स्वतः वाचले. त्या दिवसांना नाव नाही याचे तिला काही वाटले नाही. ती म्हणाली की सोमवारपासून गुरुवारपर्यंत, असे म्हटले की झाले. शेवटच्या ओळीतला ‘कळवू’ मात्र तिने बदलायला लावला. तिच्या मते कळवायचे ते कागदाने, आणि तिला उत्तर माणसाच्या तोंडून हवे आहे. तिथे आता ‘सांगू’ आहे.

आमच्या कागदावरच्या रिकाम्या जागेत तिने स्वतःच्या अक्षरात गुरुवार आणि अकरा असे लिहून ठेवले आहे.