‘डॉक्टर हू’ २००५, भाग ४ आणि ५: कॉलेजच्या मंडळाला दाखवताना राजकीय संदर्भ आधी किती सांगावेत?

आमराई_सांगली:
विज्ञान मंडळाच्या मुलांना ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतले ‘एलियन्स ऑफ लंडन’ आणि ‘वर्ल्ड वॉर थ्री’ दाखवायचे आहेत. एकच कथा, दोन भाग, प्रत्येकी सुमारे पाऊण तास. मी पुन्हा बघितले तेव्हा सगळ्यात जास्त भावलं ते त्यातलं राजकारण, पण इराक युद्ध सुरू झालं तेव्हा यातली बरीच मुलं जन्मलीही नव्हती. नुसतं हिरवे राक्षस आणि पादण्याचे विनोद एवढंच पाहून ती उठतील, अशी भीती वाटते. आधी काय सांगू? दोन्ही भाग सलग लावू का? शिवाय मराठी सबटायटल तयार आहेत, पण मध्यापासून ती मागे पडत जातात.

अजिंक्यतारा:
कथानकाबद्दल एक अक्षर सांगू नका. फळ्यावर फक्त चार तारखा लिहा.

२४ सप्टेंबर २००२: इराक ४५ मिनिटांत रासायनिक-जैविक शस्त्रं वापरू शकतो, असा दावा ब्रिटिश सरकारच्या अहवालात.
१८ मार्च २००३: ब्रिटिश संसदेची युद्धाला मंजुरी. दोन दिवसांत हल्ला. पुढे असे साठे सापडलेच नाहीत.
१६ आणि २३ एप्रिल २००५: हे दोन भाग बीबीसीवर.
५ मे २००५: ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक.

म्हणजे भाग लागले ते ऐन प्रचारात. दुसऱ्या भागात हंगामी पंतप्रधान कॅमेऱ्यासमोर येऊन ४५ सेकंदांत सुटणाऱ्या महाभयंकर अस्त्रांबद्दल बोलतो, तेव्हा फळ्यावरचा ४५ चा आकडा मुलांना आपोआप सापडेल. तुम्ही बोट दाखवू नका.

पण उपहास त्या एका वाक्यात संपत नाही. तो माणसाचं कातडं पांघरून सरकारात शिरलेल्या हिरव्या राक्षसांच्या, म्हणजे स्लिदीनांच्या, कटाच्या रचनेत आहे, आणि चर्चेचा वेळ तिथे घाला. यान आकाशातून आल्यासारखं दिसतं, बिग बेनला धडकून थेम्समध्ये पडतं. प्रत्यक्षात ते पृथ्वीवरूनच उडवलेलं असतं. आतला ‘परग्रहवासी’ म्हणजे फेरफार केलेलं साधं डुक्कर. घाबरलेलं सरकार परग्रहांच्या जाणकारांना पंतप्रधानांच्या निवासस्थानी, डाउनिंग स्ट्रीटवर बोलावतं, आणि खोटेपणा ओळखू शकणारी तीच माणसं एका खोलीत मारली जातात, गळ्यात अडकवायला दिलेल्या ओळखपत्रांतून विजेचा धक्का देऊन. त्याच सुमारास ब्रिटिश संसदेत राष्ट्रीय ओळखपत्रांच्या विधेयकावर वाद चालू होता, हेही सांगून ठेवा.

हेतू तर सगळ्यात महत्त्वाचा. स्लिदीन ही जमात नाही, ते एका कुटुंबाचं आडनाव आहे, आणि ते आलेत धंद्यासाठी. अणुयुद्ध घडवायचं आणि जळून किरणोत्सर्गी झालेली पृथ्वी तुकड्यातुकड्यांनी इंधन म्हणून विकायची. २००३ मध्ये ‘हे युद्ध तेलासाठी’ हा आरोप रस्त्यारस्त्यावर होत होता. तो पटकथेच्या पोटात असा बसवलाय.

पादण्याचे प्रसंग गाळू नका. प्रचंड देह माणसाच्या कातड्यात दाबून बसवल्यावर वायू बाहेर पडणारच. सोंग ओळखण्याची खूण तीच आहे. सत्तेच्या खुर्चीतला माणूस हास्यास्पद करून मग त्याची भीती दाखवायची, ही रीत आपल्याकडे वगाच्या प्रेक्षकाला नवी नाही. कवलापूरच्या काळू-बाळूंचे हवालदार आठवा.

कृष्णामाई:
वरच्या तारखांत एक भर. कथेत ब्रिटनच्या अण्वस्त्रांचे संकेतांक संयुक्त राष्ट्रांकडे असतात. ते पटकथेसाठी रचलेलं आहे. खऱ्या ब्रिटनमध्ये तसं नाही. संयुक्त राष्ट्रं ४५ सेकंदांच्या या दाव्यावर विश्वास ठेवतील का, असं खासदार हॅरिएट जोन्स विचारते आणि कथानायक डॉक्टरची सोबतीण रोझ म्हणते, मागच्या वेळी ठेवला होता. टोला जबर आहे, पण इतिहास तसा घडलेला नाही: २००३ मध्ये हल्ल्याला परवानगी देणारा नवा ठराव सुरक्षा परिषदेने केलाच नव्हता. कुणी मुलाने हे पकडलं तर त्याला बोलू द्या.

आणखी एक जागा हातून निसटू देऊ नका. संरक्षण मंत्रालयातला तरुण अधिकारी इंद्र गणेश मारला जातो. पुढच्या भागात त्याचा मृतदेह समोर असताना डॉक्टर त्याचं नाव विचारतो. हॅरिएटने त्याला कॉफी नेऊन दिली होती, पण नाव विचारलं नव्हतं. मला दोन्ही भागांतला हा सर्वात प्रामाणिक राजकीय क्षण वाटतो, आणि तो जेमतेम काही सेकंदांचा आहे.

आमराई_सांगली:
इंद्र गणेशचा प्रसंग माझ्या यादीतच नव्हता, घेतो. मध्यंतर आणि सबटायटलचं काय करू?

मिरज_जंक्शन:
मध्यंतर घ्या, पण जागा नेमकी धरा. पहिल्या भागाच्या शेवटी तीन ठिकाणी एकदम जीव टांगणीला लागतो आणि मूळ प्रसारणात लगेच, श्रेयनामावलीच्याही आधी, पुढच्या भागाची झलक येते. त्यात डॉक्टर जिवंत दिसतो आणि सगळी उत्कंठा विरते. झलक सुरू होण्याआधीच थांबवा. दहा मिनिटं पुरतात.

सबटायटल: सुरुवातीला जुळतात आणि पुढे मागे पडत जातात, म्हणजे फ्रेम रेटची गडबड. तुमचा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आणि सबटायटल २३.९७६ वर बेतलेली असणार. फरक सव्वाचार टक्के, पाऊण तासाच्या शेवटी जवळजवळ दोन मिनिटं. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्राममध्ये फ्रेम रेट २३.९७६ वरून २५ करा आणि फाइल यूटीएफ-८ या लिपीसंकेतात जतन करा, नाहीतर देवनागरीऐवजी चिन्हांचा कचरा दिसेल. अंतर पहिल्यापासून सारखंच राहत असेल तर मात्र हा उपाय लावू नका. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच कळांनी ५०-५० मिलिसेकंद सरकवा. दोनच ओळी ठेवा, एका ओळीत पस्तीसेक अक्षरं. पंतप्रधानांचं भाषण भरभर आहे, तिथे शब्द कापा, आकडा कापू नका.

चित्र एसडी आहे, म्हणजे ५७६ ओळींचं. पडदा सहा फुटांपेक्षा रुंद नको. डीव्हीडीवरून लावलंत आणि हालचालीत आडव्या रेघा आल्या, तर व्हीएलसीत डी कळ दाबा. रबरी पोशाखातला जड स्लिदीन आणि संगणकावर केलेला चपळ स्लिदीन यांच्यातला फरक मोठ्या पडद्यावर आणखीच डोळ्यांत येतो. तो मुळातच आहे, तुमच्या प्रोजेक्टरचा दोष समजू नका.

प्रेक्षक कॉलेजचे विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला तेवढी मुभा आहे. बाहेरच्या लोकांना बोलावणार असाल तर परवानगी लागेल.

कोयना_रसायन:
विज्ञान मंडळ आहे, तर व्हिनेगर सोडू नका. स्लिदीनचं शरीर कॅल्शियमचं, म्हणून ॲसिटिक आम्ल त्यांना मारतं. हॅनिबलने आल्प्समध्ये खडक व्हिनेगरने फोडल्याची लिव्हीने सांगितलेली कथाही तिथे येते. आदल्या दिवशी कच्चं अंडं काचेच्या बरणीत ठेवून ते बुडेल इतकं ४-५ टक्क्यांचं व्हिनेगर ओता. कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटमधून लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. झाकण घट्ट लावू नका, दाब वाढतो. बारा तासांनी व्हिनेगर बदला. चोवीस तासांत कवच विरघळून फक्त पातळ पडदा उरतो; थोडा पांढरा थर राहिलाच तर नळाखाली बोटाने हलके चोळा, जोर लावलात तर फुटेल. पडद्यावरच्यासारखा स्फोट मात्र होत नाही.