कॉफीने जळजळ खरंच वाढते का? सोडायची इच्छा नाहीये

लोकलवाला_कल्याण:
नमस्कार मंडळी. वय ३९, राहतो कल्याणला, ऑफिस लोअर परळ. सकाळी उठल्या उठल्या एक मोठा मग इन्स्टंट कॉफी, पोटात बाकी काही नाही आणि तसाच ट्रेनला पळतो, डबा उघडतो तो ऑफिसला पोचल्यावर साडेनऊला. ऑफिसात मशीनच्या दोन होतात, आणि रात्री दहाला जेवण झालं की मुलीचा अभ्यास घेताना अजून एक. गेले तीन-चार महिने छातीत मधोमध जळजळ, करपट ढेकर, आणि परवा दादरच्या ब्रिजवर बुटाची लेस बांधायला वाकलो तर आंबट पाणी थेट घशाशी आलं, दात आंबले अक्षरशः. रात्री दोनला खोकत उठतो. आई म्हणते पित्त आहे, कॉफी बंद कर, बायको म्हणते त्यापेक्षा चहा घे. खरंच कॉफीच कारण असते का ह्याला?

माटुंगेकर:
दादा, मी सहा वर्षं काढलीत ह्यात म्हणून सांगतो. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक गोल स्नायू असतो, घास खाली गेला की तो आवळतो. कॅफीनने तो काही जणांचा ढिला पडतो, त्यात कॉफी पोटातलं अ‍ॅसिडही वाढवते, मग तेच वर चढतं. डिकॅफने, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीने, मला बराच फरक पडला पण पूर्ण नाही, कारण अ‍ॅसिड सुटायला फक्त कॅफीनच लागतं असं नाही. आमच्याकडे फिल्टर कॉफीशिवाय सकाळ होत नाही, म्हणून मी चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त असलेली पावडर आणतो, चिकोरीत कॅफीन नसतं, आणि तो एक टंबलर इडली खाल्ल्यावरच. दुपारी चारनंतर कॉफी नाही म्हणजे नाही.

गिरगावची_ताई:
थोडं वेगळं मत मांडते. कॉफी आणि रिफ्लक्स, म्हणजे हे आंबट पाणी वर येणं, ह्यावरचे सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ठोस संबंध दिसला नाही. पण २०२० साली अमेरिकेतल्या ४८ हजारांवर नर्सबायकांची पाहणी आली होती, त्यात कॉफी, चहा आणि सोडा (म्हणजे कोल्ड्रिंक) तिन्ही जास्त पिणाऱ्यांना हा त्रास जास्त दिसला, आणि दूध, पाणी, ज्यूसच्या बाबतीत तसं दिसलं नाही. म्हणजे वहिनी म्हणतात तसं कॉफीच्या जागी चहा घेऊन फार काही हाती लागेल असं वाटत नाही, दोन कप कमी करून त्या जागी पाणी प्या. दोन आठवडे कॉफी पूर्ण बंद ठेवा, रोज वहीत लिहा जळजळ कधी झाली, मग एकच कप चालू करून बघा. तुमच्या शरीराचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. आणि मला तर कॉफीपेक्षा तुमचं दहाचं जेवण जास्त खटकतंय, जेवण आणि झोप ह्यात तीन तास तरी हवेत.

मेडिकलवाली:
मी डॉक्टर नाही, औषधाच्या दुकानात बारा वर्षं आहे. रोज बघते, लोक पॅन्टोप्राझोलची, म्हणजे पोटातलं अ‍ॅसिड कमी करणारी, गोळी नाश्त्यानंतर कॉफीच्या घोटाबरोबर घेतात आणि म्हणतात गुण येत नाही. ती उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने तर अजिबात नाही. पाण्यात फसफसणारी पाकिटं ज्यांना बीपी आहे त्यांनी जपून, सोडियम भरपूर असतं त्यात. जेवणानंतर पेपरमिंटच्या गोळ्या खात असाल तर त्याही बंद करा, पुदिन्यानेही तोच स्नायू ढिला पडतो. आणि दादा, गिळताना घास अडकणं, काळी शौच, उलटीत रक्त, वजन कमी होणं ह्यातलं काही असेल तर इथे विचारत बसू नका, लगेच दाखवा. चालताना किंवा जिना चढताना छाती दाबल्यासारखी वाटली, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला तर पित्त म्हणून अंगावर काढू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. माझ्या काकांनी रात्रभर पित्त समजून काढली होती, अटॅक निघाला.

लोकलवाला_कल्याण:
मंडळी, सोळा दिवसांनी लिहितोय. गिळायला वगैरे त्रास नाही, वजनही तेवढंच आहे. कॉफी दोन आठवडे पूर्ण बंद होती, पहिले तीन दिवस डोकं फार दुखलं. डबा आता संध्याकाळचाही नेतो, सातला ऑफिसातच खातो, घरी आल्यावर फक्त ताक. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या, डाव्या कुशीवर झोपतो. वहीत पहिल्या आठवड्यात पाच वेळा जळजळ, दुसऱ्यात एकदा, ती पण एका लग्नात रात्री अकराला जेवलो त्या दिवशी. परवापासून सकाळी पोळी-भाजी खाऊन अर्धा कप सुरू केलाय, अजून तरी ठीक आहे. काल मुद्दाम ऑफिसात चारला एक घेऊन बघितली, तर कुर्ल्याच्या आसपास ढेकर सुरू झाले, म्हणजे दुपारची गेली ती गेली. खोकला मात्र अधूनमधून आहेच, म्हणून शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, वही बरोबर नेतोय.