कोल्हापुरात मुक्काम पेठेत की हायवेला?

शुक्रवारपेठकर
कालपासून एक पोस्ट फिरतेय: "देवळाजवळ खोली घेऊ नका, कोंदट असतात, गाडी लावायला जागा नाही, सरळ हायवेला हॉटेल घ्या." वाचून डोकं फिरलं. हायवेला झोपायचं तर कोल्हापूरला यायचं कशाला? पेठेत उतरलात की पहाटे चालत अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, मग गंगावेशीत म्हैस तुमच्यासमोर पिळून दिलेलं फेसाळ दूध, आणि तसंच खाली पंचगंगेचा घाट. ऊन चढायच्या आत सगळं होतं. हायवेवाले त्या वेळी नाश्त्याच्या रांगेत असतात.

पुण्याचा_जावई
ती पोस्ट माझीच. सासूबाईंचे गुडघे गेलेत. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. गाडी बिंदू चौकात लावून बॅगा खांद्यावर आणल्या. चेक-आउट 24 तासांचं सांगितलं होतं आणि सकाळीच दार वाजवायला लागले. फोटोत दिसणारी खिडकी उघडली तर शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागत होती. म्हातारं माणूस बरोबर असेल तर तुमचं फेसाळ दूध काय कामाचं?

रंकाळा_संध्याकाळ
अहो, बुकिंग करताना फोन करून चार गोष्टी विचारायच्या की! खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट चालू आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, गाडी कुठं लावायची. नुसते फोटो बघून पैसे भरता आणि राग गावावर काढता.

पुण्याचा_जावई
फोन केला होता. "सगळं आहे, या तुम्ही" एवढंच उत्तर मिळालं. शिवाय नदीजवळ पुराची भीती. हायवेला तेवढी तरी काळजी नाही.

शुक्रवारपेठकर
हायवेला काळजी नाही? 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. ट्रक दिवसच्या दिवस जागेवर उभे. 2021 ला पुन्हा तेच. पेठेत निदान चालत जाऊन जेवण मिळत होतं.

कुंभारगल्ली_शाहूपुरी
तुम्ही दोघं हॉटेलवरून भांडताय म्हणून बोलतो. नदीपासून लांब म्हणजे कोरडं, हे डोक्यातून काढा. आमची गल्ली नदीकाठाला नाही. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं सरतं आणि घरात येतं. 2019 ला गणपती तोंडावर आले होते. रंगवलेल्या मूर्ती माळ्यावर चढवल्या, खाली राहिलेल्या शाडूच्या मूर्ती सकाळपर्यंत विरघळल्या. नुसत्या पाटावर चिखल. आईनं तो चिखल हातानं गोळा केला, टाकून देऊ दिला नाही. आणि नाल्याकडेला भराव टाकून इमले उठतच आहेत, त्यात लॉजही आलेच. तिथं खोली घेताना कुणी पूररेषा विचारतं का?

रंकाळा_संध्याकाळ
धागा मुक्कामाचा आहे, पूररेषेचा नाही.

कुंभारगल्ली_शाहूपुरी
मुक्कामाचाच आहे! पाहुणा दोन दिवसांत गाडी काढून जातो, भरावामुळं वाढलेलं पाणी आमच्या उंबऱ्यात राहतं. असल्या इमारतीत खोली घेणारे आहेत म्हणून तर बांधतात.

शुक्रवारपेठकर
हे खरं आहे. भरावाबद्दल पेठेतले आम्हीही गप्प बसलो. पण पेठेतलं सगळंच बुडतं असं नाही. देवळाचा भाग उंचावर, पाणी येतं ते खाली पंचगंगा तालमीकडं, सुतारवाड्यात. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यानं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघूनच निघावं: 39 फूट इशारा, 43 फूट धोका.

वाडीची_लेक
नरसोबाच्या वाडीत मुक्कामाला येता तेव्हाही हे बघा. दरवर्षी पाणी दत्ताच्या पादुकांवर येतं, ते देवळाच्या दक्षिण दारानं बाहेर पडतं त्या दक्षिणद्वार सोहळ्याला तर लोक मुद्दाम येतात. आम्हाला त्याचं भय नाही, पण 2019 सारखं आलं की तळमजला सोडावाच लागतो. पावसाळ्यात खोली वरचीच मागा. आणि कोल्हापुरात पूर असेल तर पाण्याची टाकी, बोअर आहे का विचारा. तेव्हा उपसा केंद्रंच बुडाली होती, चहूकडं पूर आणि प्यायला टँकर.

पुण्याचा_जावई
म्हणजे सासूबाईंना तळमजला हवा आणि पावसाळ्यात वरचा मजला घ्यायचा. ठीक आहे, पावसाळा सोडतो. 9 ते 11 नोव्हेंबरला सूर्यकिरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव असतो ना, तेव्हा येतो. पेठेत बघतो, पण गाडी हायवेलाच ठेवणार आणि रिक्षानं आत येणार. पार्किंगबद्दल मी लिहिलं ते चूक नव्हतं.

शुक्रवारपेठकर
पार्किंगचं मान्य, तिथं आम्हीच रोज मरतो. पण किरणोत्सव संध्याकाळी मावळतीला असतो, रिक्षा त्या वेळी महाद्वारापर्यंत पोचायची नाही. सासूबाईंना दुपारीच खोलीवर आणा. आणि तळमजल्याची खोली आजच सांगून ठेवा, त्या दिवसांत उरत नाहीत.

कुंभारगल्ली_शाहूपुरी
आणि ते लॉज नाल्यावर आहे का, तेही विचारा. मी रोज इथं लिहिणार.