कोल्हापुरात केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं, कोण कोण जातंय? पेठेतले आणि उपनगरातले अनुभव लिहा

मंगळवार पेठेत राहायचो तेव्हा घरातलं कुणी केएमटीत बसलेलं आठवत नाही. आता पाचगावला आलोय, तर आईचाही पास आहे आणि पोरीचाही. माणसं तीच, फक्त पत्ता बदलला. तुमच्याकडं काय चित्र आहे?

शिवाजी पेठ : आम्हाला बस लागते कशाला? भाजीला कपिलतीर्थ, संध्याकाळी रंकाळा, सगळं चालत. बोळात बस येत नाही. मोठ्या रस्त्यावर थांब्यापर्यंत जाईस्तोवर निम्मं काम उरकलेलं असतं. लांब जायचं तर मोटारसायकल आहेच.

उचगाव : मी गांधीनगरात कापडाच्या दुकानात कामाला आहे. सकाळच्या गाडीत सगळ्या कामाला जाणाऱ्या बायका. चढताना डब्याची पिशवी आधी आत द्यायची, बसलेली कुणीतरी ती मांडीवर घेतेच, ओळख असो नसो. वडाप (माणसं भरून नेणारी खासगी गाडी) पटकन मिळतं, पण दाटीवाटीनं बसायला नको वाटतं. ही बस आमच्यासाठी रोजची भाकरी आहे.

कागल : आमच्या वाटेवर एसटीही आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि ७५ वर्षांवरच्यांना त्याआधी २०२२ पासूनच फुकट. त्यामुळं सासूबाई केएमटी समोरून गेली तरी एसटीची वाट बघतात. तेव्हा केएमटीत माणसं कमी दिसली म्हणून लोकांनी बस सोडली असं कृपा करून म्हणू नका. ती दुसऱ्या बसमध्ये आहेत.

शिरोली एमआयडीसी : दुसरी पाळी सुटते तेव्हा गाडी नसते. हप्त्यावर मोटारसायकल घेतली. एकदा गाडी दारात आली की सकाळीही बस नको वाटते.

राजारामपुरी : महापालिका १९७२ ची. त्यानंतर कित्येक दशकं हद्द वाढली नाही, वस्ती मात्र पाचगाव, उचगावकडं पसरत गेली. म्हणजे बस महापालिकेची आणि तिची खरी गरज असलेला प्रवासी हद्दीबाहेरचा. हद्दवाढीवर भांडणारे दोन्हीकडचे लोक हे बोलतच नाहीत. मला वाटतं, तिकिटाच्या पैशाआधी हा खर्च कुणी उचलायचा ते ठरायला हवं.

पाचगाव : कागलच्या ताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फुलेवाडी, वडणगेकडचं अजून कुणी लिहिलं नाही. त्या बाजूला रात्री आठनंतर कसं जाता, तेवढं सांगा.