बॉस असून नसल्यासारखा: तुमचे अनुभव लिहा

सावरी
काल ऑफिसात फीडबॅकचे फॉर्म आले. त्यात एक प्रश्न होता, गरज असेल तेव्हा तुमचा मॅनेजर उपलब्ध असतो का. आत्ताची मॅनेजर चांगली आहे, तिला पूर्ण मार्क दिले, पण तो प्रश्न वाचून जुन्या कंपनीतले सर आठवले आणि मग दिवसभर तेच डोक्यात. छळणाऱ्या, ओरडणाऱ्या बॉसबद्दल सगळे बोलतात. आमचे सर कधी आवाज चढवून बोलले नाहीत, सुट्टी मागितली की लगेच हो. पण माणूस नसायचाच. म्हणजे केबिनमध्ये बसलेला असायचा, दार लोटलेलं, मेल वाचल्याचं कळायचं आणि उत्तर नाही. दोन व्हेंडरची कोटेशन पाठवली, यातलं कुठलं फायनल करू असं विचारलं, तर उत्तर आलं 'नोटेड'. आता यातून मी काय समजायचं? परत विचारलं तर अंगठा. शेवटी उशीर झाला, क्लायंटने मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सर सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले, मला याची कल्पनाच नव्हती. माझ्याकडे सगळे मेल होते हो, पण तिथे लॅपटॉप फिरवून दाखवायचे कसे, घरी येऊन रडले.

अप्रेजलला तर कहर. माझ्याबद्दलचा अभिप्राय आदल्या वर्षीचाच कॉपी करून टाकलेला, ज्या प्रोजेक्टवर मी त्या वर्षी नव्हतेच त्याचं नावसुद्धा तसंच. रेटिंग बरं होतं, तरी फार लागलं ते मनाला. वर्षभर मी काय केलं हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.
तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा ना.

पाचवा मजला
'नोटेड' वाचूनच अंगावर काटा आला. सेम टू सेम.

गजाळी
साइटवर होतो मी तेव्हाचं. स्लॅब भरायच्या आधी सळया बांधून झाल्या की मोठ्या साहेबांनी चेक करून पोअर कार्डवर सही करायची असते, त्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही. साहेब फोन उचलेनात. आदल्या दिवशी सांगितलेलं, सकाळी मेसेज केलेला, दोन निळ्या टिका. आणि गेटवर मिक्सरचे ट्रक येऊन उभे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्लांटमधून निघालेलं काँक्रीट साधारण दीड-दोन तासांत ओतावं लागतं नाहीतर ते आवळायला लागतं, मग ड्रायव्हर त्यात पाणी मारायला बघतात आणि पाणी मारलं की ताकद गेली. ठेकेदार माझ्या डोक्यावर, ओता म्हणून. मी कव्हर ब्लॉक (सळया साच्याला टेकू नयेत म्हणून खाली ठेवतात ते छोटे ठोकळे) स्वतः बघितले, एका बीमला रिंगांमधलं अंतर जास्त वाटत होतं तिथे टेप लावला, खरंच जास्त होतं. नाही ओतलं. ट्रक परत पाठवले. संध्याकाळी साहेबांचा फोन, एवढा माल फुकट का घालवलास, विचारायचं तरी. कोणाला विचारायचं होतं??? आजही राग येतो.

सावरी
गजाळी दादा, ट्रक परत पाठवलेत ते फार मोठं काम केलंत. त्या छताखाली माणसं राहणार असतात.

रात्रपाळी
पोराला झोपवता झोपवता लिहितेय, चुका समजून घ्या. आमच्याकडे वॉर्डात रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात, आम्ही ते शीटवर लिहून घेतो, परत वाचून दाखवतो, आणि नंतर त्यांनी येऊन त्याखाली सही करायची असा नियम. एक वरिष्ठ होते ते सहीला यायचेच नाहीत. त्या कोऱ्या जागा बघितल्या की पोटात गोळा यायचा, कारण उद्या काही झालं तर शीटवर अक्षर माझं. शेवटी आम्ही सगळ्या सिस्टर मिळून ठरवलं की फोनवरची ऑर्डर दोघींनी ऐकायची आणि दोघींची नावं वेळेसकट लिहायची. मेट्रन मॅडमना लेखी दिलं. मॅडमनी मात्र बाजू घेतली आमची. उठला वाटतं, जाते.

भटक्या
अहो पण मला तर असाच बॉस हवा होता! माझा दर अर्ध्या तासाला येऊन स्क्रीनमध्ये डोकवायचा. कोणी विचारत नाही म्हणजे स्वर्ग की.

कंसातली
भटक्या, नाही हो. मोकळीक देणारा बॉस वेगळा. तो सांगतो की इथपर्यंतचे निर्णय तू घे, अडलीस तर मी आहे, आणि वरून प्रश्न आला की पुढे होऊन उत्तर तो देतो. गायब बॉसच्या हाताखाली निर्णय घ्यायचे तुम्ही पण अधिकार नाही, बजेट नाही, दुसऱ्या टीमने ऐकायचं कारण नाही. दोन्ही बघितलेत म्हणून सांगते.
आणि हा विषय माझ्या अभ्यासात होता. कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक जुना प्रयोग आहे, दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे छंद क्लब, काहींचा पुढारी हुकूम सोडणारा, काहींचा सगळ्यांना विचारून चालणारा आणि काहींचा नुसता बसून राहणारा. त्या तिसऱ्या प्रकारात मुलांचं काम कमी झालं. नंतर २००७ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी दोन हजारांवर नोकरदारांचा अभ्यास केला, त्यात असं दिसलं की जिथे साहेब लक्ष घालत नाही तिथे कोणाचं काम कुठलं याचा गोंधळ जास्त, सहकाऱ्यांत भांडणं जास्त आणि एकमेकांना त्रास देणंही जास्त. हे शेवटचं मला फार पटतं. आमच्या टीममध्ये दोन चांगल्या मैत्रिणी एका रिपोर्टवरून बोलायच्या बंद झाल्या, कारण तो कोणी करायचा हे सांगायला कोणी नव्हतंच.

भटक्या
पटलं. असा विचार केला नव्हता.

शाईपेन
पीएचडीचे गाइड चालतील का इथे? चॅप्टर दिला की "बघतो". महिने जायचे. मग मी प्रिंट काढून टेबलावर ठेवायला लागलो, पुढच्या वेळी गेलो की तीच प्रिंट तिथेच, वर दुसऱ्या कोणाची तरी प्रिंट. माझ्यासारखी अजून मुलं होती त्या गठ्ठ्यात. शेवटी आम्ही चौघांनी एकमेकांचे चॅप्टर वाचायला सुरुवात केली, दर शनिवारी, लाल पेन घेऊन. माझं झालं ते या तिघांमुळे. त्यातल्या एकीने मधेच सोडलं, आमच्यात सगळ्यात हुशार तीच होती. त्याचं दुःख अजून आहे.

रात्रपाळी
शाईपेन, विषय काय होता तुमचा?

शाईपेन
शेवाळ. गोड्या पाण्यातलं.

गजाळी
अरे वा, आमच्या टेरेसच्या टाकीत होतं ते कुठलं असतं? हिरवं, चिकट, केसांसारखं.

शाईपेन
फोटो टाका, बघून सांगतो. टाकीला झाकण नीट बसतंय का बघा, उजेड मिळाला की होतंच ते.

हिशेबनीस
मेकर-चेकर माहितीये ना, पेमेंटची एंट्री एकाने करायची, मंजूर दुसऱ्याने. आमच्या साहेबांनी कंटाळून स्वतःचा पासवर्डच मला दिला. म्हणे तूच दोन्ही कर, ओटीपी आला की कळवतो. मी नाही म्हटलं, सगळे घाबरवायला लागले, साहेबांना नाही म्हणतेस. पण मंजुरी त्यांच्या नावाने आणि करणारी मी, म्हणजे चेकिंग झालंच नाही ना. मी मेल केला की पासवर्ड मला नको, पेमेंट अडकलेली आहेत, यादी सोबत, तुमच्या गैरहजेरीत दुसरा चेकर नेमून द्या. सीसीमध्ये त्यांचे वरचे. दुसऱ्या दिवशी नेमला. आठवडे रखडलेलं काम एका सीसीने झालं.

पाचवा मजला
ताई ग्रेट आहात. पण सीसीवरून डूख धरला नाही का त्यांनी?

हिशेबनीस
थोडे दिवस बोलले नाहीत. तसेही कुठे बोलायचे.

निवांत
दुसरी बाजू पण लिहिते. माझा नवरा आहे असा मॅनेजर. उत्तम इंजिनिअर होता, बढती म्हणून टीम दिली, माणसं कशी सांभाळायची हे कोणी शिकवलं नाही, आणि स्वतःचं आधीचं काम पण तसंच त्याच्याकडे. रात्री अकराला मेल उघडून बसतो आणि नुसता बघत राहतो, कोणाला काय उत्तर द्यायचं सुचत नाही. मला त्याची काळजी वाटते आणि त्याच्या टीमचीही वाटते. हे सगळं त्याला वाचून दाखवणार आहे.

सावरी
निवांत ताई, जरूर दाखवा. आमच्या सरांना घरचं असं कोणी सांगणारं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या मिस्टरांना म्हणावं आठवड्यातून अर्धा तास प्रत्येकाला द्या, बाकी मेल राहिले तरी चालतील. आत्ताची माझी मॅडम तेवढंच करते, पण तो अर्धा तास कधीच रद्द करत नाही.

पाचवा मजला
हिशेबनीस ताई, तुमच्यासारखा मेल मला आजच टाकायचाय. काय शब्द वापरू? उद्धट नको वाटायला.

हिशेबनीस
मी असं लिहायचे: "अमुक विषयावर दोन पर्याय आहेत. मला पहिला योग्य वाटतो, कारण हे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुमचं वेगळं मत आलं नाही तर पहिला धरून काम सुरू करते." तारीख आणि वार दोन्ही टाका. आणि मेल जुन्याच ट्रेलवर पाठवा, नवीन उघडू नका, म्हणजे आधी कितीदा विचारलंय ते खाली आपोआप दिसतं. फक्त पैसे, सुरक्षा आणि कोणाच्या नोकरीचा विषय असेल तर मौनाला होकार धरायचा नाही, तिथे थांबायचं आणि वर लिहायचं.

गजाळी
सुरक्षेचं अगदी बरोबर.

पाचवा मजला
टाकला मेल. गुरुवारपर्यंत बघू. शाईपेन, ते टाकीचं मलाही सांगा, आमच्याकडेही तसंच आहे.