नागपुरात जुनी गिटार दुरुस्त करणारं कोणी आहे का?

धरमपेठी
काकांची सत्तरच्या दशकातली कलकत्ता बनावटीची अकूस्टिक माळ्यावरून काढली. ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) मागून उचललाय, फटीत पोस्टकार्ड जातं. तारा इतक्या वर की एफ कॉर्ड धरणं म्हणजे शिक्षा. बर्डीत एका दुकानात म्हणाले, फेव्हिकॉल लावून संध्याकाळी देतो. देऊ का?

तारतम्य
नका देऊ. आणि आधी तारा ढिल्या करा. सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलो, तो सगळा त्या अर्धवट सुटलेल्या ब्रिजवर येतोय.

ब्रिज चिकटवणं सोपं आहे, खरं काम साफ करण्याचं. गरम करून, पातळ पातं सरकवत तो पूर्ण सोडवायचा. दोन्हीकडचा जुना गोंद लाकूड दिसेपर्यंत काढायचा. मग सरस (कातड्या-हाडांपासूनचा जुन्या पद्धतीचा गोंद) लावून क्लॅम्प आवळायचे आणि दिवसभर हात लावायचा नाही. फटीत नुसता गोंद सोडला तर तो जुन्या गोंदाला धरतो, लाकडाला नाही. मे महिना लागला की पुन्हा फट. सरस असेल तर पुढे कधी उघडायची झाल्यास उष्णता आणि ओलाव्याने सुटतो. फेव्हिक्विकचं नावच नको.

असं काम करणारे एक जण आहेत, घरीच करतात, दुकान नाही. नाव इथे टाकत नाही, व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

ऑरेंजसिटी
अन् कूलरचं काहून कोणी बोलत नाही? आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली, अन् रात्री तीच गिटार कूलरच्या झोतात. दिवसा लाकूड आकसते, रात्री फुगते. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवते. केसमध्येच ठेवा भाऊ. साबणाच्या डबीला भोकं पाडून पिळलेला ओला स्पंज आत ठेवा. पाऊस लागला की आठवणीनं काढा, नाहीतर बुरशी.

षड्ज_पंचम
जरा अवांतर. आईच्या तंबोऱ्याची जवारी (घोडीच्या उतारामुळे येणारा झणकार) गेलीये. हेच करून देतील का?

तारतम्य
जवारी गिटारवाल्याच्या हाती देऊ नका, प्लीज. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, तो किंचित उतार घासणं वेगळंच कसब आहे, एक हात जास्त फिरला की झणकार गेला. सरळ मिरज गाठा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. महाराष्ट्र एक्सप्रेस इथून थेट जाते. भोपळा मात्र बर्थवर, स्वतःजवळ.

धरमपेठी
तारा सैल केल्या. त्याआधी बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाड तारेखाली ४ मिमी भरलं. मानेत ॲडजस्ट करायचा नट कुठेच दिसत नाही.

तारतम्य
मग बहुतेक ॲडजस्टेबल ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करायची आतली सळई) नाहीच. त्यात कमीपणा नाही, मार्टिननेसुद्धा तो १९८५ मध्ये आणला.

४ मिमी जास्तच आहे, अडीच पुरे. पण आत्ताच सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) घासायला सांगू नका, ब्रिज नीट बसला की आकडा आपोआप थोडा उतरेल. मग लांब सरळ पट्टी फ्रेटांवर मानेच्या लांबीने ठेवून बघा. टोक ब्रिजच्या माथ्याला लागलं तर सॅडलवर भागेल. माथ्याच्या बरंच खाली आपटलं तर नेक रिसेट (मान सोडवून नव्या कोनात बसवणं), आणि तो खर्च या गिटारच्या किमतीबाहेर जाईल. तेव्हा पट्टी लावल्याशिवाय पैशाचं बोलू नका. आणि दुरुस्तीवाले पॉलिश मारून देतो म्हणाले तरी नाही म्हणा.