मदत हवी आहे: गोंगाटाच्या ऑफिसात शांत वेळ कसा मागावा?

नमस्कार मंडळी,

माझं काम हिशेब तपासण्याचं. आमच्या ऑफिसात केबिन नाहीत, सगळे एकाच हॉलमध्ये, आणि शेजारी सेल्सवाले दिवसभर फोनवर. आकड्यांचा धागा तुटला की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. त्यात मीटिंगा, माझा संबंध पाच मिनिटांचा, पण बसायचं तासभर. मग खरं काम संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर सुरू होतं आणि घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते. याचा फार त्रास होतो.

मॅनेजर माणूस म्हणून चांगले आहेत. पण भिंती नसल्या की लोक एकमेकांशी जास्त बोलतात, यावर त्यांचा ठाम विश्वास. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात मात्र उलटं दिसलं. दोन कंपन्यांनी भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. आमच्याकडेही शेजारचा माणूस चॅटवरच विचारतो!

मला सकाळचे दोन तास मीटिंगशिवाय आणि एखादी बंद खोली हवी आहे. हे तोंडी मागू की ईमेलवर? अभ्यासाचा दाखला दिला तर त्यांना शिकवतोय असं वाटेल का? हेडफोन लावून पाहिले, पण लोकांना तो तुटकपणा वाटतो. नोकरी सोडणं सध्या शक्य नाही. कुणाला अशी सवलत मिळाली असेल तर नेमकं काय बोललात, ते कृपया सांगा.